आरसी ट्रकचं नाक सारखं वर उठतंय? या चुका टाळा

रिमोटवर चालणारा आरसी ट्रक, त्यात ताकदवान ब्रशलेस मोटर, 6एस लिपो (सहा सेलची बॅटरी), आणि ट्रिगर दाबला की गाडी थेट मागच्या दोन चाकांवर उभी, मग पाठीवर. सुरुवातीला मजा येते, पण नंतर बॉडी फाटते, मागची विंग तुटते आणि वळताना स्टीअरिंग लागतच नाही कारण पुढची चाकं हवेत असतात. मग माणूस हाताला लागेल ते बदलत सुटतो, व्हीली बार (व्हीली म्हणजे नाक उठणं, ते अडवणारी मागची दांडी) लाव, मोठा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) टाक, डिफमध्ये (चाकांना पॉवर वाटणाऱ्या गिअरमध्ये) जाड ऑइल भर, आणि हे सगळं एकाच संध्याकाळी. पैसे इथेच वाया जातात, कारण नाक कशामुळे उठतंय तेच कोणी बघितलेलं नसतं.

दोन गोष्टी समजून घ्या, बाकी ट्यूनिंग त्यातूनच सुचतं.

पहिली म्हणजे वजनाचा मध्य कुठे आहे. समजा गाडीच्या वजनाचा मध्य मागच्या एक्सलच्या 16 सेंमी पुढे आणि जमिनीपासून 10 सेंमी वर आहे, तर ढोबळ हिशोबाने 16 भागिले 10, म्हणजे 1.6 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 1.6 पट) इतका वेगवाढीचा धक्का बसला की पुढची चाकं सुटतात. आता बहुतेक जण करतात काय, तर बॅटरी पुढे सरकवतात. चांगलंच आहे, पण 5 किलोच्या गाडीत 700 ग्रॅमची बॅटरी 3 सेंमी पुढे नेली तर मध्य जेमतेम 4 मिलिमीटर पुढे जातो, आकडा होतो 1.64. त्याऐवजी तोच मध्य 1 सेंमी खाली आणला तर 16 भागिले 9, जवळजवळ 1.78. म्हणून राइड हाइट (चॅसिस जमिनीपासून किती वर आहे ते) आधी बघा, बॅटरी नंतर. आणि उंच मोठे टायर लावून वर परत नाक उठतं म्हणून तक्रार करू नका, टायरने सगळी गाडीच वर उचललेली असते.

दुसरी गोष्ट टायरच्या जडपणाची. मोटर जड टायर झटक्यात पुढे फिरवते तेव्हा चॅसिसला उलटा पिळा बसतो आणि नाक वर जातं. हवेत उडी मारल्यावर थ्रॉटल दिला की नाक वर आणि ब्रेक दाबला की खाली, ते ह्याच्यामुळेच. म्हणजे खरा त्रास नुसत्या पॉवरचा नाही, ती किती अचानक येते त्याचा आहे.

तर मग सगळ्यात आधी काय करायचं, ईएससीचा (मोटरला करंट देणाऱ्या कंट्रोलरचा) पंच, म्हणजे ट्रिगर दाबताच येणारा झटका, कमी करा. फुकट आहे, स्क्रूड्रायव्हर लागत नाही, आणि टॉप स्पीड जातही नाही. ज्या ईएससीत पंच 1 ते 9 असतो त्यात मधून सुरुवात करा आणि एकेक पायरी खाली या. इथे लोक रिमोटवरच्या एक्स्पो सेटिंगवर भरवसा ठेवतात ती मोठी चूक, कारण एक्स्पो फक्त ट्रिगरच्या सुरुवातीचा भाग मऊ करतो, तुम्ही बोट शेवटपर्यंत दाबलंत तर ईएससीला 100 टक्केच जातात. रिमोटवर थ्रॉटलची एंडपॉइंट (कमाल मर्यादा) 70 टक्के केली तर नाक बसतं खरं, पण टॉप स्पीडही तेवढाच खाली येतो, म्हणून ती सोय लहान मुलाच्या हातात रिमोट देताना ठेवा. स्टीअरिंगच्या जायरोकडूनही व्हीली थांबण्याची अपेक्षा नको, तो गाडी आडवी घसरताना सावरतो, नाक उठताना नाही.

आणि राव, टेस्ट कुठे करताय ते बघा! कोरड्या भुसभुशीत पुळणीत टायर घसरतात म्हणून गाडी एकदम गरीब वाटते, मग तीच सेटिंग घेऊन जांभ्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा सिमेंटच्या खळ्यात गेलात की पहिल्याच ट्रिगरला उलटी. पकड जितकी जास्त तितकं नाक लवकर उठतं. सेटिंग करायला भाट्ये, कर्दे, गुहागर अशा कोकणातल्या किनाऱ्यावर ओहोटीची घट्ट ओली वाळू उत्तम, सपाट लांब मोकळी जागा मिळते, फक्त माणसं आणि मासेमारीची जाळी लांब असू द्या. वेळास, आंजर्ले इथे कासवांच्या विणीच्या दिवसांत गाडी काढूच नका. सड्यावर जाणार असाल तर कातळशिल्पांपासून लांब, उक्षी, बारसू, कशेळीसारख्या ठिकाणची शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि ती आपल्या पायाखाली, आपल्या टायरखाली येतील अशी सपाट कातळावर कोरलेली आहेत. ह्यात तडजोड नको.

टेस्ट नेहमी पूर्ण चार्ज बॅटरीवर करा. 6एस फुल असताना 25.2 व्होल्ट देते, पॅक संपत आल्यावर व्होल्टेज पडतं आणि गाडी शहाण्यासारखी वागते, तेव्हा "झालं सेट" म्हणून घरी आलात तर दुसऱ्या दिवशी परत तेच. गाडीला 4एस चालत असेल तर सड्यासाठी 4एसच वापरा.

आता डिफ. सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या चाकांत पॉवर वाटणारा) असलेल्या गाडीत जाड ऑइल भरणं किंवा डिफ लॉक करणं म्हणजे व्हीलीला आमंत्रणच. ऑइल पातळ असेल तर पुढची चाकं हलकी झाली की पॉवर तिकडे पळते, ती फुकट फिरतात आणि नाक आपोआप खाली येतं. 1 लाख सीएसटी (ऑइलच्या जाडपणाचं माप) असेल तर 50-60 हजारावर या, मग लागलं तर 30 हजार. त्याच्या खूप खाली गेलात तर पुढचे टायर फुग्यासारखे फुगून फाटतात आणि गाडी पुढे ओढायची बंद होते. बाटलीवरचा जाडपणाचा डब्ल्यूटी आकडा कंपनीगणिक वेगळा निघतो, तुलना सीएसटीनेच करा.

स्लिपर (जास्त जोर आला की सरकणारा क्लच) असेल तर तसंच, घट्ट केला की नाक वर. माहितीपुस्तिकेतल्या सेटिंगपासून अष्टमांश फेरा सैल करत जा, निघताना फूटभर हलका सरकल्याचा आवाज आला की पुरे. सरकतच राहिला तर पॅड जळतो आणि प्लास्टिकचा स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) वितळतो.

मोठ्या पिनियनचा सल्ला सगळीकडे मिळतो. 50 दातांच्या स्परवर 15 चा काढून 18 चा लावला तर चाकाला मिळणारा टॉर्क सहावा हिस्सा कमी होतो, हे बरोबर. पण ह्या मोटरांकडे टॉर्क इतका जास्त असतो की नाक तरीही उठतं, वर करंट वाढून मोटर आणि ईएससी तापतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी तर विचारूच नका. मोटरचं तापमान 80 सेल्सिअसच्या वर गेलं की थांबा. पिनियन वेगासाठी बदलायचा, नाकासाठी नाही.

शॉक: मागची स्प्रिंग कडक केल्याने वजन मागे जाणं थांबत नाही, फक्त गाडी मागे बसत नाही. तेही उपयोगाचं. पुढच्या शॉकमध्ये लिमिटर टाकून त्यांचं उघडणं थोडं कमी केलं तर नाक वर यायला कमी वाव मिळतो, पण खडबडीत सड्यावर जास्त कमी करू नका, पुढची चाकं उड्या मारायला लागतात.

व्हीली बार सगळ्यात शेवटी. वजन बारवर आलं की मागच्या टायरची पकड जाते, मऊ वाळूत तो रुततो आणि उडीवरून उतरताना सगळा मार मागच्या माउंटला बसतो. नाक उठलंच तर ट्रिगर सोडा आणि ब्रेकला हलका टोचा द्या, जोरात दाबलात तर गाडी नाकावर आपटते.

आणि एक आपल्या किनाऱ्याचीच भानगड. सेटिंग नीट असताना गाडी अचानक उचलायला लागली तर काही बदलू नका, आधी उघडून बघा. खाऱ्या पाण्याने स्लिपरच्या प्लेट गंजून चिकटतात, मग तो सरकतच नाही. पुढच्या हिंज पिना (सस्पेन्शनच्या बिजागरीच्या पिना) जाम झाल्या तर पुढचं सस्पेन्शन वर अडकून राहतं. वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी ते मिठासाठी नसतं. किनाऱ्यावरून आलात की बॅटरी काढून त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलके धुवा, वारं मारून सुकवा, बेअरिंग आणि पिनांना तेलाचा थेंब द्या, पण स्लिपरच्या पॅडला तेल लागू देऊ नका.