पायथनमध्ये टपल कसं बनवावं: लक्ष कंसाकडे नको, स्वल्पविरामाकडे

लिस्ट तुम्हाला वापरता येते, असं धरून चालतो. ऋतू, आठवड्याचे वार, एखाद्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश अशा गोष्टींचा क्रम ठरलेला असतो आणि प्रोग्राम चालू असताना त्यात कुणी ढवळाढवळ करता कामा नये. तिथे लिस्ट नको, टपल घ्या, म्हणजे एकदा बनवली की बदलता न येणारी यादी.

ऋतू = "उन्हाळा", "पावसाळा", "हिवाळा"

झालं टपल. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, त्यामुळे ही ओळ अशीच्या अशी चालवून पाहा. टपल घडतं ते स्वल्पविरामाने. कंस वाचायला बरे म्हणून घालतात. फंक्शनला टपल देताना मात्र ते लागतातच, नाहीतर प्रत्येक घटक वेगळं आर्ग्युमेंट ठरतो. रिकाम्या टपलला नुसते () पुरतात.

आता खरी अडचण. एकाच घटकाचं टपल.

शहरे = ("पुणे")

"गोल कंस म्हणजे टपल" असं शिकवणाऱ्यांनी इथेच घोळ घालून ठेवला आहे. वरची ओळ टपल नाही, ती कंसात ठेवलेली साधी स्ट्रिंग आहे. पायथन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पुढे त्यावर फॉर लूप फिरवला की प, उकार, ण आणि मात्रा असे चार तुकडे हाती येतात, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, उकार आणि मात्रा स्वतंत्र कॅरेक्टर आहेत. बरोबर ओळ ही:

शहरे = ("पुणे",)

मला याचा सगळ्यात जास्त त्रास डेटाबेसच्या कामात झाला. पायथनसोबत येणाऱ्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) मूल्याची जागा म्हणून एक प्रश्नचिन्ह ठेवून पॅरामीटर म्हणून ("पुणे") दिलं, तर एरर येते: जागा १, मूल्यं ४. मग माणूस क्वेरीच उलटसुलट करत बसतो, आणि क्वेरीत काहीच बिघडलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे "अ", "ब", "क" अशी शाळेतल्या तुकड्यांची नावं घेऊन चाचणी केली, तर सगळं बिनबोभाट पार पडतं. एका कॅरेक्टरची स्ट्रिंग एका जागेत नेमकी बसते ना! म्हणून चाचणीला नेहमी लांब शब्द घ्या.

"स्वल्पविरामाची कटकट नको, सरळ टपल फंक्शन वापरा" हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. त्या फंक्शनला "पुणे" दिलंत, तर तेही तेच चार तुकडे करून देतं.

उलट्या बाजूनेही सांभाळा:

गाव = "सातारा",

शेवटी चुकून राहिलेल्या स्वल्पविरामामुळे हे टपल झालं. आता गावाची "सातारा"शी तुलना केली तर उत्तर खोटं (False) येईल, आणि एरर दिसणार नाही. शिवाय दोन स्ट्रिंगांमधला स्वल्पविराम गळला, तर पायथन त्या गुपचूप जोडून "उन्हाळापावसाळा" करतो. लांब टपल कंसात, एका ओळीवर एकच घटक ठेवून लिहा आणि शेवटच्या घटकानंतरही स्वल्पविराम द्या. शंका आली की टाइप फंक्शनला विचारा, नजरेवर विसंबू नका.

घटक बदलायचा प्रयत्न केला की टाइपएरर येते. ती यायलाच हवी. अधिक-बरोबरचं चिन्ह (+=) वापरून घटक जोडता येतात, पण तेव्हा नवं टपल तयार होतं आणि जुनं होतं तसंच राहतं.

टपलच्या आत लिस्ट ठेवली असेल, तर तिच्यात मात्र भर घालता येते, आणि असं टपल डिक्शनरीची की (key) म्हणूनही चालत नाही. आतलंही गोठवायचं असेल, तर त्या लिस्टच्या जागीही टपलच ठेवा.