बॉब डिलनला पडद्यावर कसं बघायचं, कुठून सुरू करायचं

डिलनची गाणी आवडतात पण त्याचे पिक्चर कुठल्या क्रमाने बघायचे कळत नाही, तर आधी 'डोन्ट लुक बॅक' लावा. १९६५ च्या इंग्लंड टूरवरची डॉक्युमेंटरी, १९६७ ला आली. सुरुवातीलाच लंडनच्या एका गल्लीत तो शब्द लिहिलेले मोठे कागद हातात धरून उभा आणि गाणं चालू तसा एकेक कागद खाली टाकत जातो, मागे कवी ॲलन गिन्सबर्ग, हा तुकडा दोनदा बघाच.

मग दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीची डॉक्युमेंटरी 'नो डायरेक्शन होम' (२००५), लांब आहे, दोन बैठकीत बघा, पण फोक (साध्या गिटारवरची लोकगीतांच्या वळणाची गाणी) सोडून इलेक्ट्रिक गिटार घेतल्यावर लोक का भडकले ते इथे नीट कळतं.

ॲक्टिंग बघायची तर 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' (१९७३). रोल छोटा, नाव एलियस, एका सीनमध्ये तो नुसता डब्यांवरची लेबलं वाचतो, आणि मला तो फार आवडतो, कारण गप्प राहूनही नजर त्याच्यावरच जाते. 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' याच पिक्चरसाठी लिहिलेलं, त्यामुळे हेडफोन लावूनच बघा.

डिलननेच दिग्दर्शित केलेला 'रेनाल्डो अँड क्लारा' जवळपास चार तासांचा, सुरुवातीला नकोच. २०१९ ची त्याच्या टूरवरची डॉक्युमेंटरी 'रोलिंग थंडर रिव्ह्यू' बघताना सावध राहा, त्यातली काही माणसं चक्क बनावट आहेत, म्हणजे कल्पित पात्रं खरी म्हणून दाखवलीत. डिलनच्या आयुष्यावरचा पिक्चर 'अ कम्प्लीट अननोन' (२०२४) सगळ्यात शेवटी, डिलनचा रोल करणाऱ्या टिमथी शालामेने स्वतः गायलंय आणि मूळ डिलन आधी बघितलेला असला की त्याची मेहनत जास्त कळते.