आफ्रिकेच्या दक्षिणेकडे रानमांस चाखताना

भारतातून गेलेल्या प्रवाशाला हॉटेलच्या पदार्थयादीत हरणवर्गीय प्राण्याचे मांस उघडपणे लिहिलेले पाहून प्रथम दचकायला होते, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असे मांस म्हणजे गुन्हा, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. तिथे मात्र नामिबियात १९७५ च्या अध्यादेशाने आणि दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने कुंपण घातलेल्या खासगी जमिनीवरील वन्यप्राण्यांवर, काही अटींसह, जमीनमालकाचा हक्क मान्य झालेला आहे. हॉटेलात व खाटकाकडे अधिकृतपणे मिळणारे मांस बहुतांशी अशा शेतांवरून येते. त्यामुळे खाण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न चवीचा नसून ‘हे कुठून आले?’ हा असावा, आणि त्याचे सरळ उत्तर देता न येणाऱ्या ठिकाणी खाऊ नये. पदार्थयादीत नुसते ‘गेम’ किंवा ‘व्हेनिसन’ लिहिलेले असेल, तर नेमका प्राणी कोणता हेही विचारून घ्यावे, कारण हे शब्द तिथे अनेक प्राण्यांना सरसकट लावले जातात.

सुरुवात बिल्टॉंगपासून करणे सर्वांत सोपे आहे. मांसाच्या लांब पट्ट्यांना व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भरडलेले धणे लावून त्या वाऱ्यावर वाळवतात. धण्यांमुळे हा वास आपल्याला पहिल्याच घासाला ओळखीचा वाटतो. दुकानात ते वजनावर मिळते आणि ओलसर हवे की कडक वाळलेले, चरबीसह की चरबीविना, असे विचारून कापून देतात. नवख्याने ओलसर घ्यावे. मात्र विशेष काही न लिहिलेले बिल्टॉंग बहुधा गोमांसाचेच असते, हे गोमांस न खाणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. ‘द्रुववॉर्स’ या वाळवलेल्या सॉसेजबाबत तर अधिक सावध राहावे लागते, कारण रानमांसात चरबी अत्यल्प असल्यामुळे त्यात गाय, मेंढी किंवा डुकराची चरबी मिसळलेली असू शकते. लेबलवरही पूर्ण विसंबून चालत नाही: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत दक्षिण आफ्रिकेतील दुकानांत कुडू या हरणवर्गीय प्राण्याच्या नावाने विकलेल्या सुक्या मांसाच्या अनेक नमुन्यांत दुसराच प्राणी निघाला होता. ज्याला या गोष्टीने खरोखर फरक पडतो, त्याने पाकीटबंद माल टाळून स्वतः मांस वाळवणाऱ्या खाटकाकडून घ्यावे.

त्यानंतर स्टेककडे वळावे. स्प्रिंगबॉक या लहान हरणवर्गीय प्राण्याचे मांस बारीक धाग्याचे व सौम्य असते, त्यामुळे पहिल्या अनुभवासाठी मी तेच सुचवेन. कुडूला किंचित अधिक गडद चव असते. ईलांड हा या भागातील सर्वांत मोठा हरणवर्गीय प्राणी असून त्याचे मांस गोमांसाच्या जवळ जाते. झेब्रा गोडसर लागतो. गेम्सबॉक, म्हणजेच ओरिक्स, नामिबियात सर्रास मिळतो. (त्याच्या नावातील ‘ग’ आफ्रिकान्स भाषिक घशातून ‘ख’सारखा काढतात, आणि तोच प्राणी देशाच्या राष्ट्रचिन्हावर दोन्ही बाजूंना उभा आहे, याचे तिथे कोणाला काही वाटत नाही.) शहामृग पक्षी असला तरी त्याचे मांस लाल असते, आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्लाइन कारू भागातील आउट्सहूर्न हे गाव त्याच्या पैदाशीसाठीच प्रसिद्ध आहे.

या सर्व मांसांत चरबी फार कमी असते, आणि ‘रानमांस चिवट लागते’ ही तक्रार बहुतेक वेळा प्राण्याची नसून जास्त शिजवणाऱ्याची असते. आपल्याकडे मटण पूर्ण शिजवण्याची सवय असल्यामुळे आपण ‘वेल डन’ मागवतो आणि ताटात चामडे येते. मधोमध गुलाबी असलेला ‘मीडियम रेअर’ मागवावा. तो रंग नकोसा वाटत असेल, तर स्टेकच घेऊ नये. अशा वेळी तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजणारे ‘पोइकीकॉस’ मागवावे. त्यात कठीण भागही मऊ होतात. शिकार बंदुकीने होत असल्यामुळे मांसात गोळीचा कण राहिलेला असू शकतो, म्हणून हळूहळू चावावे.

वॉर्टहॉग आणि मगर मात्र गुलाबी कधीच खाऊ नयेत. वॉर्टहॉग हे तिथले रानडुक्कर, आणि त्याच्या स्नायूंत ट्रायकिनेला हा सूक्ष्म कृमी असू शकतो. झिम्बाब्वेतील शेतांवरच्या मगरींतही याच कृमीची एक जात सापडली, आणि तिला त्या देशाचेच नाव मिळाले. हे मांस आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे.

मोपानीच्या झाडावरील सुरवंट हे खरे तर मांस नव्हे, तरीही ते चाखल्याशिवाय हा प्रवास अपुरा वाटेल. त्यांची आतडी दाबून काढतात, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात, आणि मग कांदा-टोमॅटोत परततात. झिम्बाब्वेतील शोना भाषेत त्यांना ‘मादोरा’, बोत्स्वानात ‘फाने’ म्हणतात. नुसते सुके खाल्ल्यास ते कोरडे लागतात, म्हणून रश्श्यात, मक्याच्या पिठाच्या घट्ट ‘साद्झा’बरोबर घ्यावेत.

रस्त्याकडेला विकायला ठेवलेले ताजे रानमांस कधीही घेऊ नये, कारण ते फासे लावून मारलेल्या किंवा आपोआप मेलेल्या प्राण्याचे असू शकते. २०११ साली झांबियात मृत पाणघोड्यांचे मांस खाऊन गावकऱ्यांना अँथ्रॅक्स झाला होता. २०१७ साली नामिबियाच्या ब्वाब्वाटा राष्ट्रीय उद्यानात याच रोगाने शंभराहून अधिक पाणघोडे दगावले. खवल्या मांजराचे मांस कोणी देऊ केले, तर नकार देऊन निघून जावे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

कोणी घरी जेवायला बोलावले, तर यजमान एखादे मांस का खात नाहीत, याची चेष्टा करू नये. शोना लोकांत ‘मुतुपो’ ही आपल्या देवकासारखी कल्पना आहे: ज्यांचा मुतुपो ईलांड, ते ईलांड खात नाहीत. बोत्स्वानातील बांग्वातो लोकांसाठी तोच मान ‘फुती’ या लहान हरणाला आहे. त्यामुळे पाहुण्याने मांस भेट म्हणून नेण्यापूर्वी विचारून घेणे बरे.

स्वतः शिजवण्यासाठी कच्चे मांस घेतल्यास एक अडचण लक्षात ठेवावी. लाळ्या-खुरकूत रोग पसरू नये म्हणून नामिबिया आणि बोत्स्वानात पशुवैद्यकीय कुंपणे व नाके आहेत. नामिबियाच्या उत्तर भागातून दक्षिणेकडे येताना गाडीतील कच्चे मांस नाक्यावर काढून घेतात, म्हणून उत्तरेला घेतलेले मांस नाका येण्याच्या आदल्या मुक्कामीच शिजवून संपवावे.