स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ: आधी ‘-यचा’ लावून बघा

आमच्या रत्नागिरीकडे मे महिन्यात आजी अंगणात आमसुलं वाळवायची. हे ‘वाळवायची’ म्हणजेच स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ: ‘मि आबुएला सेकाबा’. मराठीत ‘-यचा, -यची’ किंवा ‘-त होता’ सहज बसत असेल, तर बहुतेक वेळा हाच काळ.

रूपं सोपी आहेत. ‘आर’ने संपणाऱ्या धातूला ‘आबा’ (सेकार म्हणजे वाळवणं, सेकाबा), ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘इआ’ (कोमेर म्हणजे खाणं, कोमिआ). अपवाद फक्त तीन: सेर (असणं)–एरा, इर (जाणं)–इबा, बेर (बघणं)–बेइआ. शिवाय लिंगाची भानगड नाही, आजी असो वा आजोबा, ‘सेकाबा’च. मात्र ‘मी’ आणि ‘ती’चं रूपही एकच, म्हणून घोळ होईल तिथे ‘यो’ किंवा ‘एया’ लावा.

खरी गंमत दोन काळ एकत्र आले की. आजी आमसुलं वाळवत होती, तेवढ्यात पाऊस सुरू झाला. वाळवणं चालू होतं, म्हणून ‘सेकाबा’. पाऊस एकदम सुरू झाला, तिथे साधा भूतकाळ: ‘एम्पेसो आ योबेर’.

वय सांगताना मात्र ‘-यचा’च्या कसोटीवर विसंबू नका. ‘मी दहा वर्षांचा होतो’ यात ‘-यचा’ बसत नाही, तरी स्पॅनिशमध्ये हाच काळ: ‘तेनिआ दिएस आन्योस’ (शब्दशः ‘माझ्याकडे दहा वर्षं होती’).