आधी गाव शोधा, मग समुद्र ओलांडा: अमेरिकेतल्या जर्मन आणि डच घराण्यांची वंशावळ

माझ्या सूनबाईंचं माहेर पेनसिल्व्हेनियातलं. वडिलांकडून जर्मन, आईकडून हडसन नदीच्या खोऱ्यातलं जुनं डच घराणं. आमच्या बाजूचा कुलवृत्तांत छापलेला आहे, तेव्हा नातवंडांच्या आजोळचाही तसाच नीट लिहून ठेवावा, असं मी आणि विहीणबाईंनी मिळून ठरवलं. त्या कामातून हाती आलेली पद्धत इथे देते. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत आता अशा सुना, जावई आणि नातवंडं आहेत, त्यांना ती उपयोगी पडेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. पूर्वजाच्या गावाचं नाव कळल्याशिवाय युरोपातल्या दप्तरांना हात लावू नका. आडनाव म्युलर आहे, म्हणून जर्मनीतले म्युलर शोधायला बसलात तर हजारो सापडतील आणि त्यातला आपला एकही ओळखता येणार नाही. १८७१ पर्यंत जर्मनी नावाचा एकसंध देशच नव्हता. प्रशिया, बाडेन, वुर्टेम्बर्ग, बव्हेरिया, हेसेन अशी वेगवेगळी राज्यं होती आणि जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी त्या त्या गावच्या चर्चमध्ये होत. ते गाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच एखाद्या कागदात दडलेलं असतं.

अमेरिकेतले कागद

सुरुवात घरातून करा. कौटुंबिक बायबलच्या मधल्या कोऱ्या पानांवरच्या जन्म-मृत्यूच्या तारखा, जुनी पत्रं, फोटोच्या मागचा शिक्का, दफनभूमीतले दगड. जर्मन दगडांवर कधीकधी जन्मगाव सरळ कोरलेलं असतं.

मग जनगणना. ती नेहमी अलीकडून मागे वाचत जायची. ७२ वर्षांच्या नियमामुळे १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, तिथून मागे निघा. १९०० च्या रकान्यांत अमेरिकेत आल्याचं साल आणि नागरिकत्व मिळालं की नाही हे सापडतं, १८८० मध्ये आईवडिलांचं जन्मस्थान. १८९० ची जवळजवळ सगळी जनगणना १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर गेली, त्यामुळे ती वीस वर्षं राज्यांच्या जनगणना आणि शहरांच्या डिरेक्टरींवर (रहिवाशांच्या छापील नावपत्त्यांच्या याद्यांवर) काढावी लागतात. १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं.

एकच जनगणना पाहून थांबू नका. सुनेच्या खापरपणजोबांपुढे १९०० मध्ये नुसतं ‘जर्मनी’ लिहिलंय. त्याच माणसापुढे १८७० मध्ये ‘हेसे डार्मस्टाट’ आहे. १८६० आणि १८७० च्या गणनेत जर्मन राज्याचं नाव लिहावं अशी सूचनाच होती. त्या एका शब्दानं आमचा शोध जर्मनीच्या एका कोपऱ्यापुरता उरला.

नागरिकत्वाचे कागद त्याला जोडून पाहा. २७ सप्टेंबर १९०६ नंतरचे अर्ज ठरावीक नमुन्यातले, त्यात जन्मगाव असतं. त्याआधी कुठल्याही कोर्टात अर्ज करता येई आणि मजकूर तुटपुंजा असे. पण तिथेही माणूस कोणत्या राजावरची निष्ठा सोडतोय ते लिहावं लागे: प्रशियाचा राजा, वुर्टेम्बर्गचा राजा, हेसेनचा ग्रँड ड्यूक. राज्य तरी पक्कं होतं. १९२२ पर्यंत बायकोला नवऱ्याबरोबरच नागरिकत्व मिळत असल्यामुळे तिच्या नावाचा वेगळा कागद सहसा नसतो.

आता चर्च, आणि इथे घाई करू नका. जर्मन स्थलांतरितांच्या ल्युथरन आणि रिफॉर्म्ड (हे दोन्ही प्रॉटेस्टंट पंथ) आणि कॅथलिक चर्चांनी आपली दप्तरं जर्मनमध्ये ठेवली आणि पाद्रीही बहुधा तिकडूनच आलेला असे. इंग्रज कारकुनाला ज्या गावाचं नाव लिहिता येत नव्हतं, ते पाद्री अचूक लिही. आमच्याकडे हे गाव मिळालं ते खापरपणजोबांच्या नव्हे, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या दफननोंदीत. नोंद चार ओळींची. तिचं नाव, त्यापुढे माहेरचं आडनाव, मग ‘गेबोरेन त्सू’ म्हणजे ‘जन्म अमुक ठिकाणी’, गावाचं नाव, त्याखाली वय वर्षं-महिने-दिवस अशा हिशेबात आणि शेवटी अंत्यविधीला वाचलेलं बायबलचं वचन. वयाच्या त्या हिशेबावरून जन्मतारीख काढली आणि नंतर हेसेनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ती जुळली. म्हणून भाऊ, बहिणी, मेहुणे, बाप्तिस्म्याचे साक्षीदार, शेजारचे शेतकरी, सगळ्यांचे कागद काढा. ही माणसं एकेकटी आली नाहीत. गावंच्या गावं एकमेकांच्या पत्रांवर विसंबून आली आणि इथेही जवळजवळ राहिली.

चर्च कोणतं ते कसं शोधायचं? लग्नाच्या सरकारी नोंदीत पाद्र्याचं नाव असतं. त्या सालच्या शहर डिरेक्टरीत ते नाव काढलं की चर्च मिळतं. चर्च बंद पडलं असलं तरी दप्तर पुष्कळदा त्या पंथाच्या अभिलेखागारात पोचलेलं असतं. पेनसिल्व्हेनियातल्या रिफॉर्म्ड मंडळींसाठी लँकेस्टरची इव्हँजेलिकल अँड रिफॉर्म्ड हिस्टॉरिकल सोसायटी ही जागा आवर्जून लक्षात ठेवा. जर्मन भाषेतल्या स्थानिक वर्तमानपत्रांतले मृत्युलेखही वाचा. पण पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, जर्मनविरोधी वातावरणामुळे अनेक चर्चांनी आणि वर्तमानपत्रांनी भाषा सोडली, काही घराण्यांनी नावंही बदलली. त्या दोन वर्षांत आडनाव अचानक हरवलं तर घाबरू नका.

जहाजं

जहाजाचं नाव हवं असं सगळ्यांनाच वाटतं. खरं तर वंशावळीसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे, अपवाद जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराचा. हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या शिल्लक आहेत आणि त्यात प्रवाशाचं राहतं गाव दिलेलं असतं. दुसरं जर्मन बंदर ब्रेमेन, तिथल्या बहुतेक याद्या नष्ट झाल्या, तिथे वेळ घालवू नका. अमेरिकेच्या बाजूला १८२० पासून बंदरांवरच्या याद्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांना उतरवून घेणारं कॅसल गार्डन हे केंद्र १८५५ मध्ये सुरू झालं, त्यानंतरचं एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला. एलिस आयलंडच्या कारकुनानं आमचं आडनाव बदललं, ही गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलीय. याद्या निघण्याच्या बंदरावरच तयार होत, इथले अधिकारी त्या यादीवरून माणसं तपासत. नाव बदललं ते नंतर, शाळेत, कारखान्यात, किंवा त्या माणसानं स्वतःच.

अठराव्या शतकातली मंडळी मात्र वेगळी. १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मनांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. यादीत बायकामुलं सहसा नसतात, सोळा वर्षांवरचे पुरुष असतात. एकेका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या मिळतात: एक कप्तानाची आणि दोन शपथांच्या. कप्तानाच्या यादीतलं नाव इंग्रज कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, शपथेच्या यादीत त्या माणसाची स्वतःची सही. पेनसिल्व्हेनिया जर्मन सोसायटीनं १९३४ मध्ये या याद्या तीन खंडांत छापल्या, त्यातला एक खंड सह्यांच्या हुबेहूब प्रतींचाच आहे. ती सही पुढच्या आयुष्यातल्या मृत्युपत्रावरच्या सहीशी ताडून पाहा. एकाच नावाचे दोघं असतील तर याहून चांगला पुरावा नाही. सही येत नसलेल्यांच्या नावाशेजारी खूण असते, तीही नोंदवून ठेवा.

नावं

एकाच घरातले चारही भाऊ ‘योहान’ दिसले तर दचकू नका. योहान हे बाप्तिस्म्याचं पुढे लावायचं नाव, हाक मारायचं नाव त्यानंतरचं. योहान गेओर्ग घरात गेओर्ग, योहान पेटर घरात पेटर. पण नुसतं ‘योहानेस’ असेल तर ते मात्र हाकेचंच नाव समजा. बाईच्या आडनावाला जुन्या नोंदींत ‘इन’ लागतं, म्युलरची म्युलरिन होते, ते वेगळं आडनाव धरू नका.

आडनावं दोन वाटांनी बदलली. काहींचं भाषांतर झालं: त्सिमरमानचा कार्पेंटर, श्वार्त्सचा ब्लॅक. काहींचा नुसता उच्चार इंग्रजीत बसवला: राष्ट्राध्यक्ष हूव्हरांचे पूर्वज हूबर होते. ब आणि प, ड आणि ट, ग आणि क यांची अदलाबदल तर सर्रास, त्यामुळे शोधताना दोन्ही अक्षरांनी शोधा.

‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणून ओळखले जाणारे लोक जर्मन आहेत, हे एकदा मनाशी पक्कं करा. नेदरलँड्सच्या दप्तरात त्यांना शोधण्यात अर्थ नाही. उलट १६८३ मध्ये जर्मनटाउन वसवायला क्रेफेल्डहून आलेली तेरा कुटुंबं जर्मन भूमीतली, पण त्यातली बरीच डच बोलणारी होती.

डच घराणी

डच मंडळी दोन वेळा आली आणि दोन्हींचे रस्ते निराळे.

पहिली १६२४ ते १६६४ मधली, न्यू नेदरलँड वसाहतीतली. यात मोठा अडसर आडनावांचा, कारण बहुतेकांना आडनावच नव्हतं, वडिलांचं नाव लावत. १६३१ मध्ये आलेले कॉर्नेलिस मासेन म्हणजे मासचा मुलगा कॉर्नेलिस, त्यांचा मुलगा मार्टेन कॉर्नेलिसेन. व्हॅन ब्यूरेन हे आडनाव वंशजांनी पुढे लावलं आणि त्यातूनच राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन झाले. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे मराठी माणसाला ही पद्धत लवकर उमगते. इंग्रज राजवट आल्यावर कायम आडनावं रुजत गेली, आणि एका बापाच्या दोन मुलांनी वेगवेगळी आडनावं घेतल्याचंही दिसतं.

या अडचणीवर उपाय डच रिफॉर्म्ड चर्चच्या वह्यांत आहे. न्यूयॉर्कच्या चर्चच्या लग्नांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदी १६३९ पासून आहेत. लग्नाच्या नोंदीत वराच्या नावापुढे ‘योंगमान’ आणि वधूच्या नावापुढे ‘योंगे दोख्टर’, म्हणजे पहिलंच लग्न, यांची आद्याक्षरं दिसतात आणि पुढे ‘फान’ (म्हणजे ‘अमुक गावचा’) लिहून जन्मगाव. बाप्तिस्म्यात आई माहेरच्याच नावानं लिहिलेली असते आणि साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, काका, मावशी. मला या वह्यांबद्दल फार आदर वाटतो, कारण यात बायका हरवत नाहीत. थोरल्या मुलांना दोन्हीकडच्या आजोबांची नावं, मुलींना आज्यांची, असा रिवाज होता. मुलांची नावं क्रमानं मांडा, आजी-आजोबांचा अंदाज येतो. तो अंदाजच, साक्षीदारांच्या नावांनी तो पडताळायचा. पुढे ग्रीत्येची मार्गरेट झाली, टूनिसचा अँथनी, तेही ध्यानात ठेवा.

विहीणबाईंच्या घराण्यात आणखी एक गुंता होता, तो हडसन खोऱ्यात सर्वत्र भेटतो. १७१० मध्ये जर्मनीच्या पॅलाटिनेट भागातले सुमारे तीन हजार जर्मन लंडनमार्गे न्यूयॉर्कला पाठवले गेले, ब्रिटिश नौदलासाठी डांबर काढायला. ते काम फसलं, पण माणसं राहिली, डच शेजाऱ्यांत त्यांची लग्नं झाली आणि मुलांचे बाप्तिस्मे डच चर्चमध्ये झाले. त्यामुळे जर्मन नावं डच वळणानं लिहिलेली सापडतात. नाव डच दिसलं की पूर्वज डच, असं गृहीत धरू नका. या काळच्या तारखाही जपून उतरवा: १७५२ पर्यंत इंग्रजी कागदांत वर्ष २५ मार्चला सुरू होई.

दुसरी लाट १८४६-४७ ची. बटाट्याचं पीक बुडालं होतं आणि १८३४ मध्ये सरकारमान्य चर्चपासून वेगळे झालेले लोक नव्या जागेच्या शोधात होते. त्यांच्यातले पाद्री फान राल्टे यांनी १८४७ मध्ये मिशिगनमध्ये हॉलंड हे गाव वसवलं, पाद्री स्कोल्टे यांनी आयोवात पेला. यांचं काम सगळ्यात सोपं. नेदरलँड्समध्ये १८११ पासून सरकारी नोंदणी सर्वत्र आहे आणि ‘वी वास वी’ आणि ‘ओपन आर्काइव्ह्ज’ या संकेतस्थळांवर नावानं शोधता येतं. लग्नाच्या नोंदीबरोबर जोडलेले कागद नक्की मागा, त्यात वधूवरांचे जन्मदाखले आणि वारलेल्या आईवडिलांचे मृत्यूचे दाखले असतात. एका पाकिटात दोन पिढ्या मिळतात.

गाव मिळाल्यावर

जर्मन गाव कळलं की ते १९१२ च्या मायर्स गावकोशात पाहा, तो ऑनलाइन आहे. एकाच नावाची अनेक गावं असतात, म्हणून जनगणनेत मिळालेलं राज्य इथे उपयोगी पडतं. चर्चची दप्तरं संकेतस्थळांवर आहेत: प्रॉटेस्टंट दप्तरांसाठी पैसे भरून ‘आर्खिऑन’, कॅथलिकांसाठी विनामूल्य ‘मात्रिकुला’, आणि ‘फॅमिलीसर्च’ दोन्हींसाठी. सरकारी नोंदणी प्रशियात १८७४ पासून आणि साऱ्या जर्मनीत १८७६ पासून, त्याआधी चर्चच. ऱ्हाइनच्या पश्चिमेला मात्र ती फ्रेंचांच्या काळापासूनची आहे.

या दप्तरांची लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. मोडी शिकलेल्याला हिची भीती वाटायला नको: तिथेही अक्षर सुटं वाचता येत नाही, ठरावीक मजकूर ओळखीचा झाला की सगळं उलगडतं. ‘ए’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात, ‘यू’वर छोटी वाकडी रेघ असते. त्या पाद्र्याच्या हातची, आपल्याला आधीच ठाऊक असलेली नावं गोळा करून त्यावरून अक्षरांचा तक्ता बनवा आणि पाद्री बदलला की नवा. महिन्याच्या जागी ७ आकडा आणि शेपूट दिसली तर तो सप्टेंबर, ८ म्हणजे ऑक्टोबर.

पुष्कळ गावांसाठी स्थानिक अभ्यासकांनी चर्चच्या वह्यांवरून सगळ्या कुटुंबांची पुस्तकं तयार केली आहेत, त्यांना ‘ऑर्ट्सफामिलिएनबुख’ म्हणतात. मूळ वह्यांत शिरण्याआधी आपल्या गावाचं असं पुस्तक आहे का ते विचारा. पत्र जर्मनमध्ये, छोटं, एकाच माणसाबद्दल आणि एकाच प्रश्नाचं लिहा. त्यात जन्मसाल, पंथ आणि निघून गेल्याचं साल द्या, आणि हे सगळं अमेरिकेतल्या ज्या नोंदीवरून कळलं तिची प्रत जोडा.