वॉरिकचे कोर्ट हाउस: दर्शनी भिंत वाचणे आणि दर्जा (दगडांमधले सांधे) भरणे

इंग्लंडमधल्या वॉरिकचे हे न्यायालय वास्तुकार फ्रान्सिस स्मिथने बांधले. काम 1731 च्या सुमारास संपले. आता तिथे नगर परिषद बसते. पाहणी समोरच्या फुटपाथवरून खालून वर करा. तळमजल्यावर मुद्दाम खोल ठेवलेले सांधे, दारावर न्यायदेवता, वर डोरिक (साध्या प्राचीन ग्रीक शैलीचे) अर्धस्तंभ, म्हणजे भिंतीला चिकटलेले खांब. वरच्या खिडक्या भव्य, कारण नाचाचा दिवाणखाना तिथेच आहे.

खरी काळजी वालुकाश्माची. तो मऊ असतो, म्हणून अशा भिंतीला सिमेंट लावूच नका. सिमेंटच्या दर्जांतून ओल बाहेर पडत नाही. ती दगडातून वाट काढते, थंडीत गोठते आणि पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत आणि दगड झिजलेला दिसला, की हेच झालेय असे समजा.

संरक्षित वास्तू असल्याने आधी परवानगी घ्या. सांध्यातला सैल मसाला (दगड जोडणारा लगदा) हातछिन्नीने सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, किमान 25 मिमी खोल काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. धूळ काढून सांधा भिजवा. 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू असा घट्ट मसाला दाबून भरा, दगडाच्या कडेवर मात्र पसरू देऊ नका. तो लवकर सुकला तर भुगा होतो. त्यामुळे ओले गोणपाट आठवडाभर टांगा. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.