पक्ष्यांना शास्त्रीय संगीत लावताय? या चुका टाळा

सकाळी भैरव लावायचा की तोडी, हा वाद नंतर घाला. घरच्या बजी-कॉकटेलचं (छोट्या विदेशी पाळीव पोपटांचं) बिनसतं ते बहुधा रागामुळे नव्हे, तर स्पीकर कुठे आहे आणि आवाज किती आहे यामुळे. (देशी पोपट इथे धरलेला नाही. तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.)

सर्वांत नडणारी चूक म्हणजे ब्लूटूथ स्पीकर पिंजऱ्यावर किंवा त्याच फळीवर ठेवणं. पक्ष्यांच्या पायांना बारीक कंपनंही जाणवतात, त्यामुळे तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा दांडीतून थेट पायांत शिरतो. आपण कंटाळलो तर उठून जातो, त्यांना ती सोय नाही. स्पीकर सहा-आठ फूट लांब, वेगळ्या टेबलावर, खाली टॉवेलची जाड घडी घालून ठेवा आणि बास कमी करा. पिंजऱ्याजवळ उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. मोबाइलवर मोजणार असाल तर ६० डेसिबलच्या आत.

आवाज सुरुवातीच्या संथ आलापाला जुळवला, तर तोच शेवटच्या जलद ‘झाला’ या भागात अंगावर येतो. म्हणून रेकॉर्डिंगचा सर्वांत चढा भाग आधी वाजवून तिथे आवाज ठरवा. ऑनलाइन लावलं तर मध्येच जाहिरात खणखणते, पक्षी जाळीवर आपटतो, नवं पीस मोडलं तर रक्त येतं. फाइल उतरवूनच घ्या. सुरुवातीला अख्खी बैठक नको. नाशिकचे गायक द. वि. पलुसकर यांची ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या जमान्यातली तीन-साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रणं सोयीची. फक्त खरखर कमी असलेली प्रत निवडा. एक वाजवा, थांबा, पक्षी बघा. पुढे सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस, एवढं पुरे.

बघायचं काय? अंग सैल, चोचीची बारीक करकर, एक पाय वर, पिसं साफ करणं चालू, म्हणजे ठीक. पिसं अंगाला चिकटवून ताठ उभा असेल, चोच उघडून धापा टाकत असेल तर लगेच बंद करा. कर्कश ओरडणं म्हणजे ‘साथ देतोय’ असं नाही. आवाजावर मात करायचीही ती धडपड असते. दिवसभर पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल तर संगीताचा विषयच सोडा आणि डॉक्टर गाठा.

रात्रभर तानपुरा चालू ठेवू नका. दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागतेच. सकाळच्या रागाबरोबर उदबत्ती लावायची सवय असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत. त्यांच्या श्वसनाला धूर फार लवकर बाधतो.

विसर्जनाच्या दिवशी नाशिक ढोल दाबायला स्पीकर मोठा करणं ही तर दुहेरी शिक्षा. घर मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर पिंजरा आदल्या दिवशीच आतल्या खोलीत हलवा, खिडक्या लावा, तीन बाजूंनी चादर घाला, चौथी हवेसाठी मोकळी. खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावरच संगीत पुन्हा सुरू करा, तेही पाच मिनिटांपासून.